उजवीकडची सीट

९ मार्च २०२५
पीबल्सच्या वरचं घर

संज्या,

फोन करू नका असं तुझ्या लेकीने सांगितलंय, म्हणून कागद घेतला. "काका, तुमचा फोन आला की बाबा अपसेट होतो. त्याला words सापडत नाहीत ना." ठीक आहे. तिचं घर, तिचा नियम. पत्राला बंदी नाही हे मात्र मी नीट विचारून घेतलं. आता तुला वाचता येतं का, याचं उत्तर कुणी धड देत नाही. येत असेल तर वाच, नसेल तर रचना वाचून दाखवेल. एडिनबरात दर शनिवारी तिला मराठी शाळेत सोडायला तू कधी गेलास? मीच जायचो. त्याचं पुण्य आता कुठे तरी कामाला येऊ दे. अक्षर मोठं काढतोय, रचना, पण जोडाक्षरांना माझा इलाज नाही.

बातमी अशी की मी एक गाडी घेतोय. रस्त्यावरची नव्हे, डोंगरावरची. तिला इथे साइड-बाय-साइड म्हणतात, शेतकरी नुसतं बगी म्हणतात. दोन माणसांनी शेजारी-शेजारी बसायचं, डोक्यावर छप्पर, मागे छोटा हौदा, आणि चारही चाकांना जोर. चिखल, दगड, ओढा, काही असो, चढते म्हणे. हौद्यात एक हरीण आरामात मावतं.

कारण माझे गुडघे. तू त्यांचे एक्स-रे बघून "शश्या, हे गुडघे नाहीत, भजी आहेत" म्हणाला होतास, ते आठवत असेल. आपण दोघं होतो तोवर ठीक होतं. शिकारीत हरीण पडलं की एक दोरी तुझ्या खांद्यावर, एक माझ्या, आणि खालच्या फाटकापर्यंत भांडत-भांडत यायचं. पोट साफ करायचं काम तुझं, कारण तू सर्जन. मी जन्मभर एक्स-रे वाचले, मला आतलं सगळं फक्त काळ्या-पांढऱ्यातच बघवतं. त्या वेळी मी तोंड फिरवून हवामानावर बोलायचो. एकट्याने हे सगळं होत नाही. म्हणून बगी. दुसरं काही कारण नाही.

मोसम बरा गेला. इथे सगळं ठीक आहे. एक ओळ लिही, किंवा नुसती रेघ मार आणि पाकिटात घालून पाठव. तू तिथे आहेस एवढं मला कळू दे.

तुझा,
शश्या


२७ एप्रिल

संज्या,

रेघ आली नाही. असो.

परवा रचनाशी बोललो. मला वाटलं होतं, पत्र तसंच पडलं असेल. पण नाही. म्हणाली, "काका, मी वाचते ना. It takes me an hour. बाबा ऐकतो... ऐकतात. पण काहीच रिॲक्शन नाही. तो खिडकीतून बाहेर बघते."

मी विचारलं, "बोलतो काय मग दिवसभर?"

"एकच. नको. Everything is नको. चहा, बाबा? नको. And then he drinks the whole mug. फिजिओ आली? नको. I don't know what it means anymore, काका."

मी तिला म्हटलं, बाळ, तुझ्या जन्माच्या आधीपासून तो असाच आहे. तिला हसू आलं नाही. मला आलं, फोन ठेवल्यावर, आणि मग ते हसू काही बरं राहिलं नाही.

आता हे जरा रचनासाठी, तू दुसरीकडे बघ. रचना, जानेवारीत त्याला झटका आला त्या दिवशी वॉर्डात नर्सने मला विचारलं, तुम्ही पेशंटचे कोण? मी म्हटलं, मित्र. ती लगेच तुझ्याकडे वळली आणि मला पाठ दिसली. त्याला तिकडे इंग्लंडात, ब्रॅकनेलला तुझ्या घरी न्यायचं की इथेच ठेवायचं यावर मी दोन शब्द बोललो, तर तू म्हणालीस, "काका, please, it's a family decision." बरोबरच होतं ते. तुझं काम तिथे, तुझं ऑफिस तिथे, तू तरी काय करणार होतीस? पण तुझी आई, सुप्रभा, होती तेव्हापासून दर रविवारी तुमच्या टेबलावर चौथं ताट माझं असायचं. माझं लग्न नाही, पोर नाही. फॅमिली म्हणून फॉर्मवर लिहायला माझ्याकडे तुमच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. मी रागावलेलो नाही. थोडा आहे. पुढे वाच.

गाडी बघायला केल्सोच्या बाजूला एका यार्डात गेलो होतो. मालकाचं नाव ॲलिस्टर. आधी त्याने मला क्वाड बाईक दाखवली, घोड्यासारखं टांग टाकून बसायची. "एकटेच आहात ना, डॉक्टर? मग हीच घ्या. हलकी आहे, कुठेही शिरते." मी म्हटलं, दोन सीट हव्यात. तो म्हणाला, मागे सामान बांधता येतं. मी म्हटलं, सामानाला सीट लागत नाही, माणसाला लागते. मग तो मला शेडच्या मागे घेऊन गेला.

तिथे एक जुनी, हिरवी, डिझेलवर चालणारी बगी होती. अमेरिकेतली, म्हणून स्टीअरिंग डावीकडे आणि शेजाऱ्याची सीट उजवीकडे. ॲलिस्टर इंजिनाचं सांगत होता, मी टेप काढून सीट जमिनीपासून किती उंच आहे ते मोजत होतो. दार पूर्ण उघडतं का, आत पाय ठेवायला जागा सपाट आहे का, तेही पाहिलं. त्याने विचारलं, "इंजिन नाही बघणार?" मी म्हटलं, इंजिन आहे ना आत? मग झालं.

दोन सीट कशाला, असं तू विचारशील. आपण ज्याच्या जमिनीवर शिकार करतो त्याची म्हातारी आई आहे ना, जीन, तिला वरचं रान बघायची इच्छा आहे. तिला कधी मधी फिरवून आणावं म्हणतो. शेजारधर्म.

शश्या

ता. क. रचना, बाबा ज्या खुर्चीतून आपलं आपण उठतो तिची उंची जरा मोजून कळव. काही विशेष नाही, असंच.


१५ जून

संज्या,

बगी आली. ॲलिस्टरने ट्रेलरवर घालून आणली आणि खालच्या शेडमध्ये लावून दिली. रंग हिरवा असला तरी एका बाजूने उन्हाने उडालाय, त्यामुळे ती जुन्या बाकड्यासारखी दिसते. मला आवडली.

दुसऱ्याच दिवशी वर नेली. फाटक उघडायला उतरायचं, गाडी आत घ्यायची, परत उतरून फाटक लावायचं. आपण दोघं असताना कोणी उतरायचं यावरून भांडण व्हायचं. आता भांडायला कोणी नाही, सगळी फाटकं माझीच. ओढ्यापाशी जरा घाबरलो, पण ती गुरगुरत चढून गेली. उजवीकडच्या रिकाम्या सीटचा बेल्ट सारखा पत्र्यावर आपटत होता, डोकं उठलं. शेवटी थांबलो आणि तो लावून टाकला. मग वरपर्यंत शेजारी कोणी नसलेल्या सीटचा बेल्ट लावलेला, असा मी गेलो. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारा कामातून गेला.

आपल्या मचाणापाशी थांबलो. लाकूड शाबूत आहे, शिडीची एक पायरी सैल झालीय. खाली दरीत दोन माद्या आणि एक पिल्लू चरत होतं. गाडीच्या आवाजाने मान वर केली, पण पळाली नाहीत. हे मला नवीनच कळलं. पायी आलेल्या माणसाला ती भितात, गाडीत बसून राहिलेल्याला फारशी नाही. म्हणजे ज्याला चालता येत नाही त्याला ती आता जास्त जवळून दिसतील. मी आपलं एक निरीक्षण नोंदवतो.

पहिल्या पत्रात मोसम बरा गेला असं लिहिलं होतं. ते खरं नाही. तू गेल्यापासून मी एकही गोळी झाडलेली नाही. उरलेला हिवाळा रायफल कपाटात बंद. जमिनीचा मालक एकदा सांगून गेला की नवी लावलेली झाडं हरणं खाऊन टाकतायत, आणि मी म्हटलं, येतो, येतो. दोनदा मचाणावर चढलो, थर्मासमधला चहा प्यायलो आणि खाली आलो. तुझी रायफल रचनाने पोलिसांच्या हवाली केली ते तिने बरोबरच केलं, कायदाच तसा आहे. पण माझ्या कपाटातली तुझी जागा रिकामी आहे आणि मी तिथे काहीच ठेवत नाही.

सगळ्यात जास्त मला काय आठवतं सांगू? शिकार नाही. तुझा फोन. मी रिपोर्टात स्पष्ट लिहिलेलं असायचं, उजवं हिप, डावा गुडघा, तरी ऑपरेशनच्या सकाळी तुझा फोन यायचाच. "शश्या, बाजू कुठली?" मी चिडायचो. तू म्हणायचास, "तुम्हा लोकांचं सगळं उलटं. फिल्मवर पेशंट तुमच्याकडे तोंड करून उभा, त्याचा डावा तुमच्या उजवीकडे. तुमच्यावर भरवसा ठेवून मी चुकीचा पाय कापायचो. तोंडाने सांग." मी तोंडाने सांगायचो, मग तू जाऊन पेशंटच्या पायावर जाड काळ्या पेनाने बाण काढायचास, आणि मगच हात धुवायचास. किती वर्षं हे चाललं. आता सकाळी फोन वाजत नाही. वाजला तर दातांच्या डॉक्टरकडून असतो. संज्या, फार एकटं वाटतं रे. लिहून टाकलं एकदाचं.

जीनबाई अजून आल्या नाहीत. हवा बरी नव्हती.

रचना, खुर्चीच्या उंचीबद्दल आभार. बगीची सीट तिच्याहून बोटभर उंच आहे, म्हणजे उत्तम.

शश्या


१७ ऑगस्ट

संज्या,

तुझ्याकडून काही नाही, तरी मी लिहितोच. निर्लज्ज सदासुखी.

बगीत थोडी दुरुस्ती करून घेतोय. तुला दाखवायला चित्र काढलंय, दुसरा कागद बघ. असंच एक ॲलिस्टरला दिलंय, त्याच्याकडे वेल्डिंगचं सगळं आहे. माझ्या चित्रकलेला हसू नकोस. गाडी मागून बघतोय असं धर. डावीकडे स्टीअरिंग, तिथे मी. उजवीकडे जीनबाईंची सीट. तिथे बसणाऱ्याने धरायला कंपनीने एक दांडा दिलाय, तो बाहेरच्या खांबावर. उतारावर गाडी कलते तेव्हा काही तरी घट्ट धरावंच लागतं, नाही तर माणूस सरळ माझ्या मांडीवर. पण जीनबाईंच्या उजव्या हातात जोर नाही. पायाचंही तसंच, त्याच बाजूचा. डावा हात मात्र भक्कम आहे. म्हणून आणखी एक दांडा लावून घेतोय, तो मी गोल करून दाखवलाय. शिवाय चढायला एक पायरी, आणि उजवं पाऊल घसरू नये म्हणून खाली रबराची पट्टी.

ॲलिस्टरने विचारलं, "किती वयाच्या आहेत या बाई?" मी म्हटलं, आपल्याएवढ्याच. तो म्हणाला, "कशा स्वभावाने?" मी म्हटलं, हट्टी. विचारलं तर कशालाच हो म्हणणार नाहीत. तो म्हणाला, "माझ्या बायकोसारख्या," आणि कागद खिशात घातला.

इथे हेदर फुललंय. सगळी टेकडी जांभळी झालीय. दर वर्षी तू "पुरे झालं हे जांभळं" म्हणायचास. यंदा बघायला मी एकटा, आणि मलाही लवकरच पुरे झालं. दुपारी वर जातो, गाडी बंद करतो आणि बसतो. आपण तिथे बसून काय बोलायचो? काहीच नाही. तू अर्धा सँडविच माझ्या हातात ठेवायचास. परवा मी सवयीने अर्धा सँडविच उजवीकडे धरला. तुझ्या मुलीला हे वाचताना वाईट वाटेल, पण खरं ते खरं.

ऑक्टोबरच्या शेवटी माद्यांचा मोसम सुरू होतो. मला मारायची घाई नाही. मला वर जाऊन बसायचंय.

चित्र कसं वाटलं ते कळव. किंवा नको.

शश्या


२१ सप्टेंबर

संज्या,

काल पाकीट आलं. वरचा पत्ता रचनाच्या अक्षरात, म्हणून मला वाटलं, झालं, तिने आता पत्रंही बंद करायला सांगितलंय. उघडायला धीर होईना. चहा केला, प्यायलो, मग उघडलं.

आत माझंच चित्र. चुरगळलेलं, एका कोपऱ्यावर चहाचा डाग. आणि त्यावर जाड काळ्या पेनाची रेघ. मी गोल केलेल्या दांड्यावर फुली, आणि तिथून सीट ओलांडून दुसऱ्या बाजूला गेलेला बाण. वाकडा, थरथरता, टोक दोनदा गिरवलेलं. डाव्या हाताने काढलेला असला तरी मला ओळखायला क्षणभरही लागला नाही. तोच बाण. किती पायांवर बघितला असेल मी तो.

सोबत रचनाची चिठ्ठी होती. ती जशीच्या तशी उतरवतो, तिने मला काय लिहिलं ते तुलाही कळावं म्हणून. "काका, मी drawing बाबाला दाखवली. तो खूप वेळ बघत राहिला and then he got really angry. नको नको नको. मला वाटलं I should take it away पण तो सोडेना. मग टेबलावर बोट आपटली. I gave him a pencil, he threw it. शेवटी किचनमधली black marker दिली. हे त्याने स्वतःने काढली. काका, जानेवारीपासून त्याने काहीच काढलं नव्हतं, सही पण नाही. What does it mean?"

मलाही आधी कळलं नाही, रचना. शेडमध्ये गेलो. ॲलिस्टरने दांडा बसवून गाडी कधीच परत आणून दिली होती, मी वरवर बघून छान म्हणालो होतो. काल पहिल्यांदाच उजवीकडच्या सीटवर मी स्वतः बसलो. उजवा हात खिशात कोंबला आणि ठरवलं, हा नाही. डावा हात पुढे केला. धरायला काहीच नाही, नुसती हवा. दोन्ही दांडे उजवीकडे, एक कंपनीचा आणि एक माझा, दोन्ही मेलेल्या हाताच्या बाजूला.

गाडी मागून काढली आणि माणूस काढला समोरून. फिल्मवर असतो तसा, माझ्याकडे तोंड करून. त्याचा डावा माझ्या उजवीकडे. जन्मभराची सवय. रिपोर्टात कधी चूक केली नाही, कारण त्यावर तुझा फोन असायचा. या वेळी फोन नव्हता, म्हणून बाजू चुकली.

मी तिथेच बसून रडलो. किती वेळ ते सांगत नाही, तू मला तोंड वर काढू देणार नाहीस. तू ऐकत होतास. महिनोन्महिने खिडकीतून बाहेर बघत सगळं ऐकत होतास, आणि बाजू चुकली म्हटल्यावर तुला राहवेना.

गाडी आज सकाळी ट्रेलरवरून ॲलिस्टरकडे नेऊन दांडा कापून घेतला आणि मधल्या खांबावर, सीटच्या डाव्या अंगाला लावला. मी परत बसून, उजवा हात खिशात घालून तपासला. घट्ट आहे. तुझा बाण असलेला कागद त्याला दाखवायला नेला होता, तो त्याने समोर भिंतीवर लावला होता, तो मागून परत आणला. आता बगीच्या छपराला आतून चिकटवलाय.

राहता राहिल्या जीनबाई. त्यांना वारून किती वर्षं झाली हे तुला माहीत आहे, कारण चर्चमध्ये त्यांच्या फ्युनरलला तू माझ्या शेजारीच उभा होतास आणि माझा काळा टाय तूच बांधून दिला होतास. म्हणजे एप्रिलच्या पत्रापासून तुला कळलेलं होतं, सीट कुणासाठी आहे ते. खोटं बोलायला मला तेवढी एकच बाई सापडली. पण सरळ तुला ये म्हणायचं मला धाडस नव्हतं. तू नको म्हणाला असतास, आणि ते खरं नको की चहाचं नको, हे मला ब्रॅकनेलपासून इतक्या लांबून कसं कळणार होतं?

रचनाने चिठ्ठीच्या खाली आणखी एक ओळ लिहिलीय. ऑक्टोबरमध्ये मुलांना शाळेची हाफ-टर्मची सुट्टी आहे, ती तुला ट्रेनने एडिनबरापर्यंत आणू शकते. "पण काका, घरात heating नीट आहे ना? आणि तुम्ही स्टेशनला येणार ना? You're the only family we've got up there." रचना, ही ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नकोस. हीटिंग आहे. खालची खोली रिकामी करतोय, बाथरूमला दांडे मागेच लावून ठेवलेत, आणि त्यांची बाजू मी आता प्रत्येक ठिकाणी बसून, उभा राहून तपासलीय. मी स्टेशनवर लवकर येऊन थांबेन.

रायफल कपाटातच राहील. आपण वर जायचं. फाटकं मीच उघडीन, यंदा त्यावर भांडण नाही. हेदर ओसरलं असेल, त्यामुळे तुझी तीही तक्रार नाही. तुला सीटवर बसवीन, बेल्ट लावीन, तुझा डावा हात दांड्यावर ठेवीन. मग स्टीअरिंगवर बसून विचारीन, "संज्या, जायचं का वर?"

तू नको म्हण. मी गाडी सुरू करीन.

तुझा,
शश्या